खसखस पांढरी, गूळ कोल्हापूरचा

कुठलाही पदार्थ कसा केला म्हणून विचारा, आमच्या पिढीच्या बायका आधी काय मिळत नव्हतं ते सांगतात आणि कृती मागाहून. साठच्या दशकाच्या शेवटी लग्न होऊन इंग्लंडात आलेल्या आम्हा मराठी बायकांची ही खोडच आहे. कढीपत्ता नाही, तर फोडणीत तमालपत्र. बेसन संपलं, तर साउथॉलची फेरी होईपर्यंत पिठलं बंद. पश्चिम लंडनात ईलिंगच्या ज्या गल्लीत आमचे संसार झाले, तिथल्या पोलिश बायका मात्र या विद्येत आमच्या वीस वर्षं पुढे होत्या. सैबेरिया, इराण, हिंदुस्थान आणि मग इंग्लंड, अशा चार मुलखांत त्यांनी चुली मांडल्या होत्या. ‘हे नाही तर ते’ करताना त्या क्षणभरही थांबत नसत.

हे सगळं पुन्हा वर आलं ते एका चित्रकार मुलीमुळे. ती काही महिने आमच्या भागात मुक्कामाला होती. ‘आर्टिस्ट रेसिडेन्सी’ म्हणतात त्याला. कलाकाराने एका ठिकाणी राहायचं, तिथल्या माणसांत ऊठबस करायची आणि जे हाती लागेल त्यातून काम उभं करायचं. हिचे आजोबा पोलिश सैनिक आणि आजी यॉर्कशायरची, त्यामुळे तिने विषय निवडला होता या वस्तीचा वारसा आणि पोलिश-इंग्रजी जेवण. चर्चच्या हॉलला लागून असलेल्या स्वयंपाकघरात ती आठवड्यातून एकदा सगळ्यांना बोलवायची. टेबलावर पांढऱ्या सुताचा लांबच लांब टेबलक्लॉथ पसरलेला असे आणि त्यावर पेन्सिलीने चौकोन आखलेले. एका घराला एक चौकोन. तिने कुणाकडेच कृती मागितली नाही. काय मिळत नव्हतं आणि त्याच्या जागी काय घातलंत, एवढंच विचारलं. उत्तर जसंच्या तसं चौकोनात लिहायचं आणि मग ते दोऱ्याने भरायचं. मी पोलिश नाही, इंग्रजही नाही. तरी शेजारच्या मावशींच्या मुलीने मला हाताला धरून नेलं. ‘आमचा अर्धा चौकोन हिच्याकडे आहे,’ म्हणाली.

मावशी म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या पोलिश बाई. आमच्या मुलांनी त्यांना मावशी केलं आणि मग आमच्याही त्या मावशीच झाल्या. पहिल्या ओळखीत त्यांनी मला गाव विचारलं. ‘इंडिया’ म्हटल्यावर बहुतेकांचं समाधान व्हायचं, फार तर बॉम्बे. यांचं झालं नाही. कोल्हापूर म्हणताच त्यांनी कुंपणापलीकडून ‘वळीवडे!’ म्हटलं आणि बोटं दुमडत एकापासून वीसपर्यंत मराठीत मोजून दाखवलं. केळीवाल्याशी घासाघीस करताना शिकलेले आकडे होते ते. वीसच्या पुढे येत नव्हते, कारण तितकी केळी घ्यायला पैसेच नसत.

कोल्हापूरच्या माणसाला वळीवड्याचा कॅम्प ऐकून माहीत असतो. आमच्या घरातही पोलंडच्या बायका-पोरांच्या गोष्टी निघत. पण ती माणसं तिथवर आली कशी, ते मला मावशींच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता कळलं. सप्टेंबर 1939 मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने चढाई केली. 1940 आणि 41 मध्ये पूर्वेकडच्या मुलखातून लाखो पोलिश माणसं कुटुंबंच्या कुटुंबं उचलून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकली गेली. मग हिटलर रशियावरच उलटला, 1941 च्या उन्हाळ्यात रशियाचा पोलंडशी करार झाला आणि या लोकांची सुटका झाली. जनरल अँडर्स यांनी त्यातून फौज उभी केली. 1942 मध्ये ती फौज आणि तिच्या मागोमाग बायका-मुलं कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. पुरुष पुढे इटलीच्या आघाडीवर गेले. मावशींचे वडील माँटे कासिनोला लढले. बायका-मुलांना मात्र कुणीतरी ठेवून घ्यायला हवं होतं. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला मुलांसाठी छावणी उघडली. मोठी वसाहत झाली ती 1943 मध्ये, कोल्हापूरजवळ, पंचगंगेच्या काठी वळीवड्याला. जवळपास पाच हजार माणसं, त्यांत बायका आणि मुलंच जास्त. कौलारू बराकी, त्यांत कुटुंबागणिक बिऱ्हाडं, शिवाय शाळा, चर्च, दवाखाना, नाटकाचा रंगमंच, स्काउटची पथकं. मावशी तिथे अकरा वर्षांच्या आल्या आणि साडी नेसायला शिकून निघाल्या.

1948 पर्यंत कॅम्प रिकामा झाला. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांना तिथे जागा मिळाली, त्याचं गांधीनगर झालं आणि कापडाची पेठ उभी राहिली. माझ्या लग्नाचा बस्ता तिथेच बांधला. हे सांगितल्यावर मावशींनी आईला हाक मारली आणि पोलिशमध्ये सांगितलं की हिची लग्नाची साडी आपल्या बराकीतली आहे. ते दुकान त्यांच्याच बराकीच्या जागी असेल असं काही नाही. पण त्या घरापुरता तो मुद्दा निकालात निघाला.

या आई म्हणजे बाबचा. पोलिशमध्ये आजीला बाबचा म्हणतात. खरं स्वयंपाकघर त्यांचंच. त्यांचं गाव ल्वूवजवळचं, म्हणजे जुन्या पोलंडच्या पूर्वेकडच्या मुलखातलं. युद्ध संपलं तेव्हा तो सगळा मुलूख सोव्हिएत संघाकडे गेलेला होता, त्यामुळे परत जायला गावच राहिलं नव्हतं. 1947 मध्ये ब्रिटनने पोलिश पुनर्वसनाचा कायदा केला आणि सैनिकांच्या पाठोपाठ त्यांची कुटुंबं या देशात आली. उतरली ती पुन्हा छावण्यांतच. लष्कराने सोडलेले तळ, अर्धगोल पत्र्याच्या निस्सन झोपड्या, मध्ये एक शेगडी. त्यात रेशन. इंग्लंडने युद्धात ब्रेडवर रेशन लावलं नव्हतं, ते युद्धानंतर 1946 मध्ये लावलं आणि 48 मध्ये उठवलं. मांसावरचं रेशन तर जुलै 1954 मध्ये सुटलं. बाबचा सांगत, कोल्हापुरात ऊन होतं पण भाजी होती, इथे गारवा होता आणि कोबी. तो कोबी मिठात आंबवून त्यांनी बरणीत घातला, आणि पहिला आंबट वास सुटला तेव्हा शेजारच्या झोपडीतल्या बायका वाट्या घेऊन आल्या. काही पुरुषांनी तेलाच्या रिकाम्या पिंपात धूर करून सॉसेज टांगले. बरेचसे कधीकाळचे अधिकारी होते, आता कारखान्यात रात्रपाळी करत होते.

पुढे पैसे साठवून एकेकाने घरं घेतली, वरच्या खोल्या भाड्याने दिल्या आणि ईलिंग, हॅमरस्मिथ, चिझिक या भागांत वस्ती वाढली. साउथ केन्सिंग्टनला ‘डाकीज’ नावाचं 1947 मध्ये सुरू झालेलं पोलिश हॉटेल होतं, तिथे जुने कप्तान-मेजर लिंबाचा चहा घेऊन तासन्‌तास बसत. त्यांच्या बायकांना असला वेळ नव्हता. आम्ही आलो तेव्हा गल्लीतलं चित्र हे असं होतं.

त्या घरांतल्या आणि आमच्या घरांतल्या गोष्टी एकमेकींत कशा मिसळल्या, ते आज सांगताना वेगळं काढता येत नाही. विरजणाचंच बघा. त्यांना त्वारूग हवं असे. आंबलेलं दूध कोमट तापवून, फुटलं की फडक्यात बांधून टांगायचं, त्याचा घट्ट गोळा. पिएरोगीच्या सारणात उकडलेला बटाटा, परतलेला कांदा आणि हे. पण इथलं पाश्चराइझ केलेलं बाटलीतलं दूध आपणहून नीट आंबतच नाही, कडू पडतं. पहिली काही वर्षं बाबचांनी दुकानातल्या कॉटेज चीजचं पाणी पिळून चालवलं. त्यांना ते कधी पटलं नाही. मी दही लावायची गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, जिथे सगळे टॉवेल वाळत ठेवतात तिथे. या देशातल्या झाडून साऱ्या मराठी घरांत तेच दह्याचं ठिकाण. माझ्याकडून वाटीभर विरजण त्यांच्याकडे गेलं आणि त्यांच्या कपाटातही टॉवेलांमध्ये पातेलं बसलं. श्रीखंडासाठी चक्का बांधला की माझं गाठोडं माझ्या नळाला आणि भिंतीपलीकडे त्यांचं त्यांच्या नळाला, दोन्ही रात्रभर ठिबकत.

शेपूवरून मात्र भांडण होतं. नगरपालिकेने भाड्याने दिलेल्या भाजीच्या वाफ्यात पोलिश बायका शेपू लावत, कारण बाजारात तो दिसतच नसे. मला शेपू बघून माहेर भेटल्यासारखं झालं. मुगाची डाळ आणि लसूण घालून भाजी करायची तर तो कोवळा, वीतभर असताना खुडायला हवा. त्यांना तो कमरेइतका वाढून, फुलून, बियांची छत्री धरलेला हवा असे. त्याशिवाय मिठाच्या पाण्यातल्या काकड्या होत नाहीत. सोबत मुळ्यासारख्या झणझणीत हॉर्सरॅडिशचं पान आणि लसूण, व्हिनेगरचा थेंब नाही. मी कोवळा खुडला की त्यांची बरणी हुकायची. शेवटी वाफ्यात मध्ये दोरी बांधली. एका बाजूचा शेपू माझा, दुसऱ्या बाजूचा त्यांचा. वाफ्यांची देखरेख करणारे इंग्रज गृहस्थ दोन्ही बाजूंना तण समजत आणि दर वसंतात कुणीतरी जाऊन त्यांना थोपवावं लागे.

इंग्रजीपण घरात आलं ते मुलांच्या हाताने. शाळेतून आल्यावर त्यांना हवे असत फिश फिंगर आणि बेक्ड बीन्स. पोलिश मुलांच्या डब्यातल्या राय ब्रेडला आणि लसणाच्या सॉसेजला वर्गात नाकं मुरडली जात, आमच्या मुलांच्या पोळी-भाजीलाही. दोन्हीकडची पोरं मग डब्याची अदलाबदल करत, म्हणजे नावं ठेवणाऱ्याला नेमकं काय म्हणावं ते कळेना. शुक्रवारी कॅथलिक घरात मांस चालत नसे आणि इंग्रज गल्लीत शुक्रवार हा फिश अँड चिप्सचा वार. त्या दिवशी सगळी गल्ली एका रांगेत उभी असे. रविवारी पोलिश घरांत इंग्रजी पद्धतीचा रोस्ट होई. पुदिन्याच्या सॉसऐवजी त्यावर हॉर्सरॅडिश, शेजारी आंबट सायीत काकडीच्या चकत्या. पोलिश नवरे केलेल्या इंग्रज आणि स्कॉटिश बायका तर सासूच्या वरताण पिएरोगी करत. दाखवायला सासू जवळ नव्हती, म्हणून त्या एकमेकींकडून शिकल्या होत्या आणि शिस्तीत वजन-मापाने करत. आमच्याकडे सगळं डोळ्याच्या अंदाजाने.

शरद ऋतूत लंडनबाहेरच्या रानात अळंबी शोधायला अख्खी पोलिश कुटुंबं टोपल्या घेऊन जात. इंग्रज शेजारी दुसऱ्या दिवशी ही माणसं जिवंत आहेत ना म्हणून डोकावत. ती अळंबी दोऱ्यात ओवून बॉयलरवर वाळायची. त्यातली सगळ्यात चांगली माळ बाजूला ठेवलेली असे, नाताळच्या आदल्या रात्रीसाठी.

ती रात्र म्हणजे विगिलिया. दिवसभर उपास, आकाशात पहिली चांदणी दिसली की जेवण. लंडनच्या डिसेंबरात चांदणी कुठली! बाबचा घड्याळ बघून ‘दिसली’ म्हणून जाहीर करत. टेबलावरच्या कापडाखाली थोडं गवत, एक पान जास्तीचं, अवचित येणाऱ्यासाठी. शाळेतल्या सशाचं वाळलं गवत आणायची जबाबदारी आमच्या धाकट्याची. आधी ओप्वातेक नावाची पातळ पापडी एकमेकांना मोडून द्यायची आणि वर्षभराचं बरंवाईट मिटवायचं. मग बीटचं आंबट सार, त्यात अळंबीच्या सारणाच्या इवल्या करंज्या, हेरिंग, कोबी, पिएरोगी. बारा पदार्थ, मांस एकातही नाही, म्हणून मासे तेवढे वगळून आमच्या मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या बायकाही बिनघोर जेवत. ते जास्तीचं पान आम्ही चौघांनी कितीतरी वर्षं अडवलं. त्यासाठी मग दर वर्षी पाचवं पान वाढलं जाई.

शेवटी कूत्या. गव्हाची, खसखस-मध-सुक्या मेव्याची खीर म्हणा. पण दाट, चमच्याने खायची. हा पूर्वेकडचा पदार्थ. गव्हाला आधी पाण्याचा हात लावून कांडायचं, साल सोडवायची, पाखडायचं, मग शिजवायचं. पहिल्यांदा त्यांच्याकडे ते बघितलं तेव्हा माझ्या हातातलं काम राहिलं. खपली गव्हाची खीर आमच्याकडे अशीच होते. त्या वर्षापासून आईकडून खपली यायला लागली, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बॅगेत, साड्यांच्या घडीत. निम्मी माझ्या खिरीला, निम्मी भिंतीपलीकडे.

बाबचांची कूत्या पांढरी असे आणि त्यात मधाऐवजी गूळ. मला त्यात काही वावगं वाटायचं कारणच नव्हतं.

वावगं वाटलं ते चर्चच्या स्वयंपाकघरात. 2004 मध्ये पोलंड युरोपीय संघात आला आणि पुढच्या काही वर्षांत इतकी पोलिश माणसं या देशात आली की 2011 च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये मुख्य भाषा म्हणून इंग्रजीखालोखाल पोलिश निघाली, तसं नोंदवणारे 5 लाख 46 हजार. सुपरमार्केटात पोलिश फळी आली. निळी खसखस, तयार त्वारूग, बरणीतल्या काकड्या, सगळं हाताशी. त्या नव्या घरांतल्या तिशी-चाळिशीच्या मुलीही टेबलक्लॉथ भरायला येत. त्यांच्यापुढे आमचे जुने चौकोन वाचले गेले आणि वाद पेटला. ‘नाताळला कार्प मासा नाही? कॉड? न्हाणीघराच्या टबात जिवंत कार्प ठेवल्याशिवाय विगिलिया कसली!’ मावशींच्या मुलीने शांतपणे सांगितलं की आमच्या आजीने टबातला कार्प जन्मात पाहिला नव्हता. चित्रकार मुलीने मग वाचलेलं सांगितलं. कार्प जुनाच, पण घरोघरी तो पोचला युद्धानंतर, कम्युनिस्ट सरकारने मत्स्यशेती वाढवून तो स्वस्त केला तेव्हा. टबात ठेवायची रीतही तेव्हाच रुळली. म्हणजे 1940 मध्ये घराबाहेर काढल्या गेलेल्या बाईला ती माहीत असणार कुठून? एकीचा पोलंड 1940 ला थांबलेला, दुसरीचा 1950 नंतर सुरू झालेला, आणि दोघी आपापलं अस्सल पुढे करत होत्या.

कूत्याची पाळी आली तेव्हा तर हशाच पिकला. पोझ्नानकडून आलेल्या मुलीने हा पदार्थ खाल्लाच नव्हता. दुसरी व्रोत्सवाफची. तिच्या आजीला युद्धानंतर ल्वूवकडून तिकडे हलवलं होतं, तसे हजारो लोक हलवले गेले होते. ती म्हणाली, ‘कूत्या आमच्याकडे दर नाताळला. पण काळी! खसखस काळी-निळी असते. आणि गूळ म्हणजे काय?’

मावशींच्या मुलीने माझ्याकडे बघितलं. अर्धा चौकोन माझा होता तो हाच. मावशी आता नाहीत, बाबचा तर फार पूर्वी गेल्या. पण ही गोष्ट मी दोघींच्या तोंडून ऐकलेली. वळीवड्यातला पहिला नाताळ, 1943 चा. चर्चच्या घंटेपासून ते मुलांच्या नाटकापर्यंत सगळी तयारी झालेली. बाबचांना कूत्या करायची होती. गहू बाजारात मिळाला. खसखस मिळाली ती पांढरी, कारण आपल्याकडे तीच असते. मध परवडेना. मध नाही म्हटल्यावर दुकानदाराने गुळाचा खडा कागदात बांधून दिला. मुलांनी ती खाल्ली. सैबेरियात मावशींच्या धाकट्या भावाला गोडाची चवच माहीत नव्हती. त्याच्या लेखी नाताळ म्हणजे गूळ, तिथून पुढे कायमचा. इंग्लंडात आल्यावर बाबचांनी मधाची कूत्या केली, अगदी ल्वूवसारखी, तर मुलांनी ताट सरकवलं. ‘ही आपली नाही,’ म्हणाली. मग साउथॉलची दुकानं होईपर्यंत त्यांनी ब्राउन शुगर आणि काकवीच्या रंगाचं ट्रीकल एकत्र करून गुळाची नक्कल केली. ज्या बाईने एकदा मधाची नक्कल गुळाने केली होती, तिच्यावर गुळाची नक्कल करायची वेळ आली.

चित्रकार मुलगी हे सगळं लिहून घेत होती. तिने विचारलं, मग चौकोनात काय भरायचं? मधाऐवजी गूळ, की गुळाऐवजी ट्रीकल? त्यावर व्रोत्सवाफच्या मुलीनेच तोडगा काढला. दोन्ही भरा, खाली सालं घाला. आणि बाजूचा मोकळा चौकोन तिने आपल्या आजीसाठी मागितला. तिलाही नव्या गावात पहिल्या वर्षी काय मिळालं नसेल, ते आईला फोन करून विचारते म्हणाली.

कोल्हापुरात महावीर उद्यानात या पोलिश लोकांच्या आठवणीचा स्तंभ आहे. वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, 2024 मध्ये आपले पंतप्रधान तिथे फूल वाहून आले. हे व्हायलाच हवं होतं. पण दगडावर उपकार कोरता येतात, उसनवारी नाही. आम्ही बायका एकमेकींच्या घरून काय काय उचललं, किती परत केलं आणि किती तसंच राहू दिलं, त्याचा हिशेब त्या कापडावर आला. प्रदर्शनात ते हॉलभर आडवं लावलं तेव्हा लोक वाकून वाकून वाचत होते. एका बाईंनी विचारलं, यात मूळ कृती कुठली? चित्रकार मुलगी म्हणाली, ती कुणीच सांगितली नाही. बरोबर आहे. सांगणार कोण? प्रत्येकीची मूळ कृती म्हणजे तिच्या आईने कशाच्या तरी जागी काहीतरी घालून केलेली.

गेल्या नाताळात मावशींच्या नातवाचा लीड्सहून फोन आला. घरात मध होता, निळी खसखसही होती, बायको पोलंडची, तिच्या आईने पार्सलच पाठवलं होतं. याला पांढरी खसखस आणि गूळ कुठे मिळेल ते हवं होतं. मी त्याला पंजाब्याच्या दुकानाचा रस्ता सांगितला आणि म्हटलं, ‘हे बघ, पिवळाधमक उचलू नकोस, तो नुसता दिसायला. काळपट माग. कोल्हापूरचा आहे का विचार, आणि नसला तर जो असेल तो घे.’